चेरीवाले मेस्त्री

फुलं बघायला गेलं की आमचे मेस्त्री आधी बुंध्याला तळहात लावून उभे राहत. फुलांकडे बघणं नंतर. दोहात वसंत म्हणजे फेब्रुवारी-मार्च, एवढंच. तेवढ्या दिवसांत चौकाचौकांत पेट्युनिया फुलतो आणि आम्ही सुट्टीला बागा पालथ्या घालायचो. एकदा मी विचारलं, "झाडाला ताप आलाय का बघता?" ते म्हणाले, "नाय साहेब. हे उभं कशाच्या जोरावर आहे, ते बघतोय."

मेस्त्री चिपळूणकडचे. साठीला टेकलेले, कानावर पेन्सिल. मॉलची सजावट करणाऱ्या एका कंपनीत सुतार होते. बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटवर ते पहिल्यांदा आले ते स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार बसवायला. ते दार मी 'दुरुस्त' करून ठेवलं होतं. "कोणी काढलं हे?" त्यांनी विचारलं. मी बायकोकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. "असू दे," मेस्त्री म्हणाले, "काढणाऱ्याने स्क्रू तरी जपून ठेवलेत." तेव्हापासून आमची गट्टी.

दर वसंतात इथल्या एका मॉलमध्ये चेरीचा बहर मांडतात. गुलाबी छत, खाली बाकं, फोटोंची झुंबड. शुक्रवार फॅमिलीवाल्यांचा. एकट्या पुरुषाला गार्ड गोड हसून परत पाठवायचा. कुटुंब गावी ठेवून आलेले मेस्त्री त्यामुळे मला म्हणाले, "साहेब, मला तेवढं तुमच्याबरोबर आत न्याल?" दारात मी ठोकून दिलं, "मेरे बड़े भाई हैं." मेस्त्रींनी इस्त्रीच्या शर्टाची कॉलर सारखी केली आणि मोठ्या भावासारखे माझ्यापुढे चालू लागले.

आत माझी जीभ सैल सुटली. "हे झाड जपानहून येतं, मेस्त्री. जहाजाने. एसी कंटेनरमध्ये, मुळांना बर्फ लावून."

"हो काय?"

"फार नाजूक जात. हात नका लावू."

हात केव्हाच लागला होता. "साहेब," ते हळूच म्हणाले, "ह्याच्या पोटात अठरा एमएमचं प्लायवूड आहे. मीच घातलंय."

बायकोच्या हातातली कॉफी सांडली. हसून. बर्फाबद्दल ती अजून अधूनमधून चौकशी करते.

मग एवढा यायचा हट्ट कशाला, असं मी विचारलं. "वर्कशॉपात ह्याचे तुकडे असतात," ते म्हणाले. "इथं उभं करतो तेव्हा मॉल बंद. खाली माणसं बसली नाय, तर झाड झालं कसं म्हणायचं?" तास-दीड तास ते बाकावर बसून माणसंच बघत होते. एका अरब आजींनी खाली पडलेली कापडी पाकळी उचलून पर्समध्ये ठेवली. मेस्त्री माझ्या कानाशी आले. "तिला पण जपानचीच वाटली. तुम्ही एकटे नाय."

पुढच्या वर्षी त्यांनी सगळ्यांत मोठं झाड केलं. शेवटचंच, नोकरी संपत होती. "शनिवारी विमान आहे," ते फोनवर म्हणाले. "शुक्रवारी झाडाचाही शेवटचा दिवस. चारला गेटवर उभा राहतो." मी म्हटलं, "मेस्त्री, शंभर टक्के."

शुक्रवारी सकाळी मित्रांनी समैस्म्याच्या समुद्रकिनाऱ्यावर मासे भाजायचा बेत काढला आणि मी गेलो. विसरलो. दुसरा शब्द नाही. फोन गाडीत राहिला होता. नेटवर्क नव्हतं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. समैस्म्याला नेटवर्क उत्तम आहे.

संध्याकाळी गाडीत बसलो तेव्हा सात मिस्ड कॉल होते आणि एक व्हॉइस मेसेज. "साहेब, गडबडीत असाल. गार्ड माणूस चांगला आहे, पण त्याचा इलाज नाय. काचेतनं शेंडा दिसतोय थोडा. खाली माणसं असतील, आवाज येतोय. दोन तास झाले, आता कंपनीची बस आहे. निघतो."

मी लगेच फोन लावला. "होतं असं, साहेब," म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. गावी जाऊन चार महिनेही झाले नसतील, त्यांच्या मुलाचा फोन आला. बाबा गेले. झोपेतच.

मॉलमध्ये अजून दर वसंतात चेरी फुलते. बायको आमच्या मुलीला घेऊन आत जाते. मी जात नाही. एकदा गेलो होतो, तर बुंध्याशी पाठमोरा एक इस्त्रीचा शर्ट दिसला आणि मी माफी मागायला धावलो. तो माणूस कुणी इजिप्शियन निघाला. त्याने बिचाऱ्याने मला पाणी पाजलं.

तेव्हापासून मी गेटबाहेरच थांबतो. चार ते सहा. काचेतनं शेंडा दिसतो, थोडासाच. आवाज येतो. दोन तास किती मोठे असतात, ते मला इथे कळलं. "सर, फॅमिली?" गार्ड विचारतो. "अंदर है," मी म्हणतो. मधेच, समोर कुणी नसताना, काचेचं दार आपोआप उघडतं आणि थंडगार हवा अंगावर येते. सेन्सर खराब आहे, गार्ड म्हणतो. असेल. मी जरा बाजूला सरकून वाट देतो.