आई उंदरांची चौकशी करायची

ऑटो दारात उभा होता आणि गोलूला झटका आला. मी बॅग खाली ठेवली, तशी आई आतून ओरडली, "तू जा वं! हे तं रोजचंच हाये. गाडी सुटन." बाबांनी गोलूला कुशीवर केलं होतं, आई त्याची लाळ पुसत होती. दोघांचेही हात गुंतलेले, म्हणून मला सोडायला स्टेशनवर कोणी आलं नाही. कन्हानचा पूल ओलांडताना ऑटोवाल्याने विचारलं, "ताई, घरी कोणी आजारी हाये का?" मी नाही म्हटलं. गोलूला आम्ही आजारी म्हणतच नव्हतो.

गोलू माझा धाकटा भाऊ. बारा वर्षांचा झाला तरी त्याने मान धरली नव्हती. बोलणं नाही, चालणं नाही. बाबा खाणीच्या ऑफिसातून आले की चपलांचा आवाज ओळखून मात्र हसायचा. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, एक जनुक बिघडलंय, पोटात असतानाच मेंदू नीट घडला नाही, औषध नाही. "आज नाई तं उद्या निघन," आई म्हणाली. मी तेव्हा बायोटेकला होते. त्याच जनुकावर काम करणारी लॅब बंगळूरला आहे असं कळलं आणि मी पीएचडीसाठी फक्त तिथेच अर्ज केला. त्यामुळे आपण घर सोडून चाललोय असं मला वाटलंच नाही. घरच्याच कामाला चालले होते.

बंगळूरला पीजीतली खोली, सकाळी इडली, काहीही अडलं की सगळ्यांचं एकच कानडी वाक्य, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी", म्हणजे थोडं सांभाळून घ्या. आणि दिवसभर अ‍ॅनिमल हाउस: निळा गाऊन, मास्क, भुशाचा वास, भिंतभर उंदरांचे पिंजरे.

जनुकाचं काम कळायचं तर ते काढून टाकायचं आणि काय बिघडतं ते बघायचं, ही आमची पद्धत. पण हे जनुक सगळ्या अंगातून काढलं तर उंदराचं पिल्लू पोटातच मरतं. म्हणून जनुकाच्या दोन्ही बाजूंना खुणा घातलेले उंदीर वाढवतात. त्यांची जोडी अशा उंदरांशी लावतात, ज्यांच्यात क्रे नावाचं प्रथिन फक्त मेंदूच्या वाढत्या पेशींत तयार होतं. क्रे त्या खुणा ओळखून मधलं जनुक कापून टाकतं. पिल्लाचं हृदय, यकृत शाबूत. फक्त मेंदूतलं जनुक गेलेलं. याला कंडिशनल नॉकआउट म्हणतात. मेंदूच्या पेशी खोल आत जन्मतात आणि बाहेरच्या थरांकडे सरकत जातात. आमच्या विषयात त्यालाही स्थलांतरच म्हणतात. आमच्या पिल्लांत त्या वाटेतच अडकायच्या.

आईचा फोन रोज यायचा. जेवली का, झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला. "उंदरं कशे हायेत?"

"बरे हायेत."

"त्यायले औषध देऊन राहिले का?"

"अजून नाई, आई."

तिसऱ्या वर्षी आम्ही पिल्लांत जन्मानंतर तेच जनुक परत घालून पाहिलं. माझ्या गाइड मॅडमसोबत मायक्रोस्कोपखाली मेंदूचे काप बघत होते. पेशी होत्या तिथेच होत्या. मॅडम म्हणाल्या, निष्कर्ष स्वच्छ आहे, पेपर चांगला होईल. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

दिवाळीला घरी गेले. उंदरं दाखव, म्हणून आई मागेच लागली, तेव्हा लॅपटॉपवर एक व्हिडिओ लावला. पिल्लू आडवं पडून हातपाय ताठ करत होतं. शेजारी खाटेवर गोलू झोपला होता.

"हे तं आपल्या गोलूवानीच करून राहिलं," आई पुटपुटली. मग तिचा हात स्क्रीनकडे गेला. "याले कोणी कुशीवर काहून नाई करत?"

"रेकॉर्डिंग चालू असते, आई. हात लावता येत नाई."

"मंग बरं होते का ते?"

"मंग त्याचा मेंदू काढून पाहा लागते."

आईने लॅपटॉप स्वतःच मिटला. त्या ओघात मी उरलेलंही सांगून टाकलं. जन्मल्यावर जनुक परत दिलं तरी उपयोग होत नाही. वेळ पोटातच निघून जाते.

"बस झालं वं आता," बाबा दारातून म्हणाले. आईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"म्हणजे हे त्याच्यासाठी नाईच हाये?"

"नाई."

"मंग कोणासाठी करून राहिली तू?"

पुढे जन्मणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या तरी लेकरासाठी, असं उत्तर होतं. मी लॅपटॉप बॅगेत भरला. ती उठली आणि गोलूसाठी भात कालवायला गेली.

त्याच हिवाळ्यात गोलूच्या छातीत कफ झाला आणि तो गेला. मी विमानाने पोचेपर्यंत त्यांनी त्याला घरीच ठेवलं होतं. येणारा जाणारा म्हणत होता, सुटला बिचारा.  दिवसभर आईचे हात मांडीवर उघडे पडलेले असत, आणि बाबा चपला दाराबाहेरच काढून आवाज न करता आत येत.

मी परत आले. फोन येतच राहिला, पण उंदरांबद्दल आईने पुन्हा विचारलं नाही. आणि मी रोज त्याच पिंजऱ्यांपुढे उभी राहते. तुमच्यापैकी जे कोणी घरच्यांसाठी म्हणून घर सोडून गेले, त्यांना हे कळेल: ज्याच्यासाठी निघालो तोच उरला नाही, तरी काम उरतं.

उन्हाळ्यात बुटीबोरीतल्या एका इंजिनिअरचं स्थळ आलं. फोनवर ते सांगता सांगता आई थांबली. "तुह्याबी अंगात हाये का वं ते?"

मी तपासणी आधीच करून घेतली होती. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. गोलूच्या दोन्ही बिघडलेल्या होत्या. माझी एक. एक चांगली असली की माणसाला काही होत नाही. पण लेकराला देऊ शकतो.

"हो," मी म्हटलं. "एक हाये."

 मला वाटलं, ती आता रडेल.

"म्हणजे गोलूचं काही तरी हाये तुह्यात," आई म्हणाली. "जपजो."

कन्हानच्या घरात आता त्याची खाट नाही, कपडेही देऊन टाकलेत. त्या स्थळाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. आईच्या "जपजो"ला मात्र मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते.