भावाच्या बंडीचे जोड

कापसाला सोन्याचा भाव आला होता त्या वर्षी माझा थोरला भाऊ बैलबंडीत कापूस भरून अमरावतीहून निघाला आणि वाटेतच पटकीनं गेला. बंडी, बैल, काहीच परत आलं नाही.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, मले त्यायची बंडी करून द्या, हातभर."

मी सुतार. सागाचे तुकडे तासले, बैलही कोरले. चाकांचे आरे काडीएवढे, खिळा मारला की चिरत. बाभळीचा डिंक लावला, तर तो उन्हानं तडकला. शेवटी सरस कढत ठेवला. वासानं वहिनी दारात आली.

"हा कायचा वास?"

"कातड्याचा सरस हाये. याच्यासारखं काही धरत नाही."

ती लाकडी बैलांकडे पाहत राहिली. "बैलाच्या कातड्यानं बैल जोडून राहिले काय तुमी?"

मी भांडं उतरवलं. परतवाड्याहून लाख मागवली, वितळवून थेंबथेंब सोडली. जोड पक्के बसले.

वहिनीनं बंडी कोनाड्यात दाराकडे तोंड करून ठेवली. सकाळी पाहिलं, तर तोंड आत, घराकडे वळलेलं. तिनं हात लावला नव्हता, मीही नाही. आम्ही ती परत फिरवली नाही.