टपालखर्च वेगळा

डेल्बर्ट हॉकेनस्मिथइतका चिकट माणूस मला रंगभूमीवरही भेटला नाही, आणि रंगभूमीवर माझं उभं आयुष्य नाटक कंपन्यांच्या मालकांबरोबर गेलं आहे. मालक पगार बुडवायचे, पण ऐटीत बुडवायचे. डेल्बर्टजवळ तेवढीही ऐट नव्हती.

झेन्सव्हिल गावातल्या माझ्या घरात खालच्या मजल्यावर तो भाड्यानं राहायचा, वर मी. बायको गेल्यावर त्याचा दिवस जाईना, म्हणून भाचीनं एक संगणक आणून दिला. या गृहस्थानं त्यावर लिलावाचं दुकान थाटलं. शनिवारी लोक घरातल्या जुन्या वस्तू अंगणात मांडून विकतात, तिथून चिल्लर देऊन कपबश्या उचलायच्या आणि संगणकावर लिलावाला लावायच्या. बोली एका डॉलरपासून. खाली बारीक अक्षरात, टपालखर्च चौदा डॉलर.

"अरे, कप पाठवायला चार डॉलर पडतात," मी म्हणायची.

"बाकीचे बांधणीचे."

"कसली बांधणी? कॉर्नफ्लेक्सचं रिकामं खोकं आणि वेफर्सच्या पिशव्या!"

"तुला धंदा कळत नाही, महाराणी. वस्तूच्या किमतीवर लिलाववाले कमिशन कापतात, टपालखर्चावर नाही. म्हणून किंमत तिकडे ढकलायची. डोकं लागतं."

मी स्टेजवर राण्या केल्या म्हणून तो मला महाराणी म्हणायचा. त्यात आदर औषधालाही नव्हता.

मला चीड यायची ती वेगळ्या कारणानं. हा माणूस बांधणीतलाच. गावच्या चिनी मातीच्या कारखान्यात त्यानं जन्मभर भांडी बांधली. आमची फिरती कंपनी नवी होती तेव्हा कारखान्यानं आम्हाला नाटकात वापरायला चहाचा संच भेट दिला होता. पोरसवदा डेल्बर्टनं तो गवतात बांधला, एकेक भांडं झोपलेल्या तान्ह्यासारखं. मग बफेलोपासून डुलूथपर्यंत ती पेटी ट्रकमधून आदळत गेली, एकदा थिएटरच्या जिन्यावरून गडगडत खाली आली. आम्ही जीव मुठीत धरून उघडली, तर एका कपाचा कानसुद्धा दुखावला नव्हता! त्या पोराला मी मनोमन टाळ्या दिल्या होत्या. पुढं कंपनी बुडाली, संच पांगला, माझ्याकडे साखरेचं भांडं तेवढं उरलं. डेल्बर्ट राहायला आला त्या दिवशी मी ते त्याला भेट दिलं. ज्यानं सांभाळलं त्याच्याकडे जावं, म्हणून.

त्या लिलावाच्या बाजारात घेणारा आणि विकणारा एकमेकांना शेरा देतात. चांगला असेल तर हिरवा, वाईट असेल तर लाल. डेल्बर्टचा शिरस्ता असा की आधी गिऱ्हाईकानं हिरवा द्यायचा, मगच हा देणार. कुणी लाल दिलाच, तर तासाभरात याचा उलट लाल हजर. बिचारे लोक आपलं नाव खराब होईल म्हणून गप्प बसायचे, आणि याच्या नावापुढे झळकायचं शंभर टक्के. रविवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये न्याहारी असते. तिथं पॅनकेकवर पाक ओतता ओतता तो हे शंभर टक्के टेबला-टेबलाला ऐकवायचा.

मग नेब्रास्काची ओपल ट्रिंबल नावाची बाई आली. तिच्याकडे आईची एकटी बशी होती, तिला जोडीचा कप हवा होता. कप पोचला तो तुकड्यांत. बाईनं नम्रपणे कळवलं, टपालखर्च परत करा, मी कुठं काही लिहिणार नाही. यानं केला नाही. तिनं लाल शेरा दिला, यानं तिला खोटारडी म्हटलं. त्यावर मात्र बाकीच्या गप्प बसलेल्यांना कंठ फुटला. लाल शेऱ्यांची रांग लागली आणि लिलाववाल्यांनी ताकीद धाडली: आणखी एक लाल, की दुकान बंद.

डेल्बर्ट वर आला. माझ्यासाठी डोनट आणला होता, त्यातला अर्धा वाटेत खाल्लेला.

"महाराणी, तू माझ्याकडून काहीतरी विकत घे, आणि झकास हिरवा शेरा लिही."

"म्हणजे भाडोत्री टाळ्या."

"तुमच्यात चालतंच की."

"चालतं. पण टाळ्या वाजवणाऱ्याला मालक तिकीट फुकट देतो, वर बिअर पाजतो."

तो हसला नाही. त्याचा चेहरा पडद्यामागं उभ्या असलेल्या, संवाद विसरलेल्या नटासारखा झाला होता. दुकान गेलं तर सकाळी उठायचं कशासाठी, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. मी हो म्हटलं.

यानं लिलावाला काय लावलं? ते साखरेचं भांडं.

"अरे, हे मीच तुला दिलेलं!"

"हो? मग तुला पसंतच असणार."

मी एक डॉलर बोली लावली. बिल आलं पंधराचं.

"टपालखर्च? डेल्बर्ट, मध्ये एक जिना आहे!"

"लिलाववाल्यांना पार्सलची पावती दिसायला हवी. सगळं रीतसर."

माझं भांडं रीतसर कोलंबसच्या मोठ्या टपाल कचेरीत गेलं आणि रीतसर परत आलं. तोवर मी शेरा घोकून पाठ करून ठेवला होता, चांगला भरघोस. पार्सलवाल्यानं खोकं अंड्यासारखं हातात ठेवलं, आणि ते खुळखुळलं.

आत वर्तमानपत्राचं एक पान होतं आणि भांड्याचे तुकडे. मी खोकं घेऊन खाली गेले.

"पार्सलवाल्यांनी आपटलं असेल," तो म्हणाला.

"गवत कुठं होतं?"

"गवताला पैसे पडतात."

"चौदा घेतलेस ना?"

तो बाहीनं संगणकावरची धूळ पुसायला लागला.

"ऐक," मी म्हटलं. "भांडं गेलं ते गेलं. चौदा डॉलर परत कर, मी आत्ता वर जाऊन हिरवा शेरा देते. दुकान वाचेल."

त्यानं पाकीट काढलं. खरंच काढलं! उघडलं, नोटांवर अंगठा फिरवला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"सात," तो म्हणाला.

मी थांबले. थांबायला मला स्टेजनं शिकवलं आहे.

"सात घे, महाराणी. थोडी झळ दोघांनीही सोसावी."

मी वर गेले. जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं म्हटली, हे वाक्य माझं होतं: "एका जिन्याचे चौदा डॉलर. भांडं फुटून आलं."

तासाभरात माझ्या नावापुढे त्याचा लाल शेरा उमटला: "कटकटी बाई. सावध राहा." दुसऱ्या दिवशी दुकान बंद झालं.

रविवारी न्याहारीला तो सांगत होता, आपण धंद्यातून निवृत्त झालो, शंभर टक्के राखून. मी समोरच बसले होते. मी पाकाची बाटली त्याच्याकडे सरकवली आणि पॅनकेक खात राहिले.

निघताना त्यानं टेबलावरच्या साखरेच्या पुड्या गोळा करून खिशात कोंबल्या. ठेवायला घरी भांडं नव्हतं.