मिठाच्या बर्फातली लस

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. गेल्या महिन्यात सुमनवहिनी गेल्याचा पुतण्याचा फोन आला, तेव्हा "येतो" एवढंच म्हणालो. आज लिहायला बसलोय.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. ऐरोलीच्या खाडीकाठी आमचं गाव, तिथल्या आरोग्य केंद्रात त्या नर्स होत्या. माझा मासळीचा धंदा. एका संध्याकाळी केंद्रातली वीज गेली, तेव्हा घटसर्पाच्या लसीच्या बाटल्या घेऊन त्या माझ्याकडे आल्या. "भावजी, सकाळपर्यंत थंड ठेवा. पण बर्फाला लावू नका हां. ही लस गोठली की मेली."

"वयनी, आता मला बर्फ शिकवताव?" मी हसलो. त्या गेल्यावर बर्फात मीठ कालवलं आणि बाटल्या खोल दाबल्या. मिठानं बर्फ आणखी गार होतो; मासळीला आम्ही तसंच करतो, जितकं गार तितकं ताजं. सकाळी बाटल्या दगडासारख्या लागल्या. उन्हात धरून वितळवल्या, पुसून परत दिल्या.

"गोठल्या नव्हत्या ना?"

"नाय वो."

माझ्या शब्दावर त्यांनी पोरांना टोचलं.

पुढे त्यातल्याच एका मुलीला घटसर्प झाला. ती वाचली, पण गाव वहिनींवर उलटलं. "पान्याची सुई टोचतं ही," बायका तोंडावर म्हणायच्या, म्हणजे सुईत लस नाही, नुसतं पाणी. रोग पसरू नये म्हणून पोरांना पुन्हा टोचायला त्या गेल्या, तर दारं लागायची. तरी ओट्यावर बसून समजावायच्या, "अगं, रोगाचं निकामी केलेलं विष असतं यात. ते बघून शरीर लढायला शिकतं आणि लक्षात ठेवतं. खरा रोग आला की ओळखतं." ते ऐकताना मला कळलं, त्या पोरांची शरीरं काहीच शिकली नव्हती. हे गावात फक्त मला ठाऊक होतं. एक शब्द बोललो असतो, तर दारं उघडली असती... मी मासळी विकत राहिलो. वहिनी कित्येक महिने फिरल्या, तेव्हा कुठे एकेक घर वळलं. "पान्याची सुई" मात्र त्यांना निवृत्तीपर्यंत चिकटून राहिली.

शेवटचा भेटलो तेव्हा त्या अंथरुणावर होत्या. "भावजी, म्हाताऱ्यांची फ्लूची सुई घेतलीत का?"

"घेतो," म्हणालो. पुढचं ओठांवरच राहिलं. वहिनी, बाटल्या मी गोठवल्या. तुमची सुई खरी होती. मला माफ करा...

मी उठलो, पंखा थोडा कमी केला आणि म्हणालो, "पडा आता जरा."