नोलीनने केलेली चुगली

बिलारा गावातल्या लाकडाच्या सॉ मिलमध्ये सुरक्षा प्रतिनिधी निवडायची सभा भरली, तेव्हा नोलीन बाथरूमला गेली होती. परत आली तर निवडून आलेली. बाकी बावीस जणांनी एकमताने हात वर केले होते. तेव्हापासून सभेआधी चहा प्यायचा नाही, हे तिने पक्कं ठरवून टाकलं.

नोलीन सत्तावन्न वर्षांची. एकतीस वर्षं त्याच मिलमध्ये, त्यातली एकोणीस डेससोबत, एकाच करवतीवर. तो फळी पुढे सरकवायचा, ही पलीकडून ओढून रचायची. नवऱ्याशी तिचं नऊ वर्षांत फाटलं. डेसशी मात्र कधी बिनसलं नाही, कारण करवतीच्या आवाजात भांडता येत नाही.

मॅनेजर क्लाइव्ह सुरक्षेने झपाटलेला माणूस. म्हणजे सुरक्षेच्या पोस्टरांनी. फाटकाशी त्याने भला मोठा फळा लावला होता, 'अपघाताविना दिवस'. चारशे भरले की सगळ्यांना बार्बेक्यू आणि प्रत्येकी बिअरचा एक खोका. त्या खोक्याने असा काही चमत्कार केला, की मिलमध्ये माणसं जखमी व्हायचीच बंद झाली. टेविटाच्या पायावर ओंडका पडला, हाड मोडलं. पण तो प्लास्टर घालून सहा आठवडे ऑफिसात बसला आणि क्लाइव्हच्या पेन्सिलींना टोक काढत राहिला. घरी राहिला असता तर तो अपघात. कामावर आला, म्हणजे काही झालंच नाही. खुद्द नोलीनने पायाचं मोडलेलं बोट बुटात कोंबून दोन महिने काढले होते. कुणी ब्र काढला नाही. आपल्याकडे माणूस कर बुडवेल, बायकोला फसवेल, तरी चारचौघांत मानाने बसेल. पण सोबत्याची गोष्ट साहेबाच्या कानावर घालणाऱ्याच्या शेजारी पबमध्ये कुत्रंसुद्धा बसत नाही.

तीनशे शहाण्णवाव्या दिवशी, गुरुवारी, डेसचा हात पात्याला लागला. ओला भुसा अडकून काम खोळंबतं म्हणून पात्यावरचं झाकण त्याने हिवाळ्यापासूनच काढून ठेवलं होतं. हात अंगठ्याखाली चांगलाच फाटला. प्रथमोपचाराच्या कपाटावर क्लाइव्हने 'सुरक्षा सर्वांत आधी' हे पोस्टर असं काही चिकटवलं होतं, की दार उघडेना. डेसने इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि वर हातमोजा चढवला.

"दिसतंय?"

"नाही."

"मग झालं तर."

नोलीन गप्प बसली. यालाच मैत्री म्हणतात, अशी तिची समजूत होती. शुक्रवारी हातमोजा तंग दिसत होता. सोमवारी सकाळी डेसने कप डाव्या हाताने उचलला, उजवी बाही जरा वर सरकली आणि मनगटापासून कोपराकडे चढलेली लाल रेघ तिला दिसली. जखमेचं विष वर चढत होतं. हात जायचा, नाहीतर माणूस.

सात वाजता सगळे फळ्याखाली जमले. बिअर बर्फात पडलेली. क्लाइव्ह चारशेचा आकडा घेऊन शिडीवर.

"कुणाला काही बोलायचंय?" त्याने विचारलं. तो दर सोमवारी विचारायचा आणि दर सोमवारी कुणालाच काही बोलायचं नसायचं.

"मला," नोलीन म्हणाली. डेसचं नाव जिभेवर येऊन अडकलं. "माझं पायाचं बोट मोडलं होतं. एकशे बाराव्या दिवशी."

"तू कामावर आली होतीस ना? मग ते धरत नाहीत."

"ते माझ्या बोटाला सांग. आणि शिडीवर आहेसच, तर टेविटाचा पायपण धर."

"पेन्सिलींनी अंगठा कापलाय, तोही धरा," टेविटा म्हणाला.

हशा झाला. मागून एकाने बायकोने घरीच घातलेले दोन टाके दाखवले. "बिअर घालवलीस, म्हातारे," दुसरा कुणीतरी म्हणाला, पण तोही हसतच. नोलीनने डेसकडे पाहिलं. डेस स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"आणि डेसचा हात," ती म्हणाली. "गुरुवारी कापलाय, आता सडायला लागलाय. झाकण बसेपर्यंत त्या करवतीला कुणी हात लावायचा नाही. प्रतिनिधी म्हणून सांगतेय मी."

आता कुणी हसलं नाही. "चुगलखोर," मागून स्पष्ट ऐकू आलं. डेस तिच्या गाडीत जाऊन बसला.

लॉन्सेस्टनचं हॉस्पिटल दीड तासावर. एकोणीस वर्षं आज संपली, असं धरूनच ती गाडी चालवत होती. तिला रडू येत होतं, पण पुढचे ओंडक्यांचे ट्रक दिसायला हवे होते.

"गुरुवारपासून मी तुझ्याकडेच बघत होतो," डेस म्हणाला.

"माहितीये. बोललीस तर बघ, अशा नजरेने."

"नाही गं. म्हटलं, आता बोलशील, मग बोलशील. मला बोलता येईना. सगळ्यांची बिअर होती." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "शनिवारी तुझा फोन आला, तेव्हा मी हात बर्फात घालून बसलो होतो. वाटलं, हाताचंच विचारणार, सुटलो. आणि तू फुटबॉलचं काढलंस."

नोलीनने गाडीचा वेग वाढवला.