टँगोला वन्स मोर

बेळगावच्या कॅम्पात परदेशी जोडप्याचा टँगो नाच आला, तेव्हा माझे वडील, आप्पा, आम्हाला घेऊन गेले. आम्ही नाटकवेडी माणसं. आवडलं की वन्स मोर ठरलेला. नाच संपताच आप्पा नि त्यांचे मित्र ओरडले. जोडपं नुसतंच वाकून नमस्कार करायला लागलं. आप्पा चिडले, "नमस्कार नको, नाचा!"

बिचारी दोघं पुन्हा नाचली. तिसऱ्या खेपेला बाई लंगडायला लागली, तरी आरोळ्या थांबेनात. चारचौघांत कधी न बोलणारी आई उठली नि कडाडली, "पुरं आता! तिच्या पायाकडं बघा की जरा!"

घरी मित्र जमले की चहालाही वन्स मोर असायचा. त्या नाचानंतर मात्र दुसरा चहा आप्पाच करायचे. तो पाणचट चहा आई पाय पसरून मिटक्या मारत प्यायची.