अडवणारा टेरेन्स

टेरेन्स बोलताना समोरच्याच्या कमरेकडे बघायचा. पहिल्या दिवशी मला त्याचा रागच आला. तेव्हा, म्हणजे २००१ साली, मी पेनसिल्वेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी विद्यापीठात संख्याशास्त्रात एमएस करत होते आणि खेळाडू विद्यार्थ्यांची शिकवणी घ्यायचं काम मला मिळालं होतं. नागपूरहून येऊन जेमतेम महिना झालेला. मी वही मिटली आणि नजर वर करून बोलता येत नाही का, असं त्याला स्पष्टच विचारलं. तो ओशाळला.

"सॉरी, टीचर. सवय आहे," तो म्हणाला. "डोळे फसवतात, खांदे फसवतात. कंबर फसवत नाही. ती वळते तिकडेच माणूस जातो."

तो कॉर्नरबॅक होता. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं आणि समोरच्या अकरा जणांना ते होऊ द्यायचं नसतं. टेरेन्स या होऊ न देणाऱ्यांपैकी. लांब फेकलेला चेंडू झेलायला जो सगळ्यात चपळ गडी सुसाट सुटतो, त्याच्यासमोर हा उलटा धावत राहणार. "त्याला ठाऊक असतं कुठे जायचंय. मला नसतं, आणि तरी पोचायचं त्याच्याबरोबरच," असं तो हसत सांगायचा. आपलं काम चोख झालं की मैदानात काहीच घडत नाही आणि काहीच न घडल्याचे फोटो कुणी काढत नाही, हेही त्याचंच म्हणणं.

संख्याशास्त्रात तो बऱ्या मार्कांनी पास झाला. पुढच्या वसंतात व्यावसायिक क्लबांनी नवे खेळाडू निवडले, त्यात मात्र त्याचं नाव आलं नाही. उंची कमी पडली. मग तो चाचण्या देत हिंडला. दोन वर्षांत चार क्लबांनी त्याला सरावाला घेतलं आणि चौघांनीही सीझन सुरू व्हायच्या आत घरी पाठवलं. दर वेळी त्याचा मला फोन यायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हा ओहायोतल्या आपल्या जुन्या शाळेच्या मैदानावर पुन्हा उलटा धावायला हजर. चौथ्या फोनला मला राहवलं नाही. आता शक्यता फार कमी आहे रे, असं मी म्हणून गेले.

"कमी म्हणजे शून्य नव्हे," तो म्हणाला. "तूच शिकवलंस."

२००४ साली मी लग्न होऊन हर्नडन या गावी आले, नोकरीही तिथेच लागली. त्याच सुमारास आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरच्या क्लबाने टेरेन्सला ठेवून घेतलं, तेही राखीव म्हणून. डिसेंबरात त्याने आम्हाला दोन तिकिटं पाठवली. माझा नवरा समीर पुण्याचा, क्रिकेटपलीकडे त्याला काही ठाऊक नाही. दोन स्वेटर आणि वर जॅकेट घालून आम्ही साठ-सत्तर हजार माणसांत जाऊन बसलो.

सामना अर्ध्यावर गेल्यावर नेहमीच्या कॉर्नरबॅकचा घोटा मुरगळला आणि टेरेन्स मैदानात उतरला. नवा गडी दिसताच प्रतिस्पर्ध्यांनी पहिलाच लांब चेंडू त्याच्या डोक्यावरून टाकला. गोल झाला. आमच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. "यार, आपला माणूस गेला," समीर पुटपुटला. टेरेन्सने मात्र गुडघ्यावरचं गवत झटकलं आणि जागेवर जाऊन उभा राहिला. मागचा चेंडू विसरता आला नाही तर पुढचाही जातो, असं तो नेहमी सांगायचा.

शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आम्ही चार गुणांनी पुढे होतो. प्रतिस्पर्धी गोलरेषेपासून आठ यार्डांवर येऊन ठेपले होते. गोलाचे सहा गुण, म्हणजे गोल झाला तर सामना त्यांचा. पहिला प्रयत्न हुकला, दुसरा हुकला, तिसरा हुकला. चौथ्याला मघाशी गोल करणारा तोच गडी टेरेन्ससमोर उभा राहिला. सगळं स्टेडियम उभं होतं, मी खुर्चीवर चढले होते. त्या गड्याने खांदे झटकन आतल्या बाजूला टाकले. टेरेन्स हलला नाही. मग तो गडी बाहेर वळला आणि टेरेन्स त्याच्याबरोबरच वळला, जणू दोघांनी आधी ठरवलं होतं. चेंडू आला, टेरेन्स उडाला. त्याची दोन बोटं चेंडूला लागली असतील नसतील, पण चेंडू गवतावर पडला.

"अडवला! अडवला रे!" मी शेजारच्या अनोळखी आजोबांना मराठीतच सांगत होते आणि तेही जोरजोरात मान डोलवत होते. समीर कुणाच्या तरी गळ्यात पडला होता.

त्यानंतरचे तीन सीझन ती जागा टेरेन्सची होती. खेळायला एक वर्ष मिळालं तरी भाग्य समजणाऱ्या त्या धंद्यात तीन सीझन म्हणजे पुष्कळ. २००७च्या अखेरीला एका धडकेत त्याच्या मानेला मार बसला. डावी बोटं बधिर होतात, हे त्याने सगळ्यांपासून लपवलं. आमच्याकडे जेवायला आला असताना हातातून पाण्याचा ग्लास निसटला, तेव्हा बोलला. क्लब आणखी एक वर्ष ठेवायला तयार होता. डॉक्टर खेळू नकोस म्हणत होते.

"आकडा सांग, टीचर. किती शक्यता?"

मी आकडा दिला नाही. म्हटलं, "इथे एकदा चुकलं तरी पुरे आहे, टेरेन्स. बाकीचे दिवस बरे गेले, हे मग कुणाला सांगणार?" तो बराच वेळ फरशीवरचं पाणी पुसत राहिला, ते केव्हाच पुसून झालं होतं तरी. मार्चमध्ये त्याने आपणहून क्लबला कळवलं आणि आपल्या जुन्या शाळेत शिकवायला गेला.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एका रविवारी तो आमच्याकडे आला. वरणभात दोनदा मागून घेतला आणि टीव्हीवर सामना चालू असताना सोफ्यावर चक्क झोपला. इतक्या वर्षांत रविवारी दुपारी झोपलेला टेरेन्स मी पहिल्यांदाच पाहत होते. मी आवाज कमी केला. तेवढ्यात समीर कशावरून तरी ओरडला आणि टेरेन्स दचकून उठून बसला. दुसरा कुणीही असता तर गोल कुणी केला, असं विचारलं असतं.

डोळे चोळत तो म्हणाला, "कुणी अडवलं?"